हाडांतील कोलेजनची झीज आणि हाडांची ताकद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात हाडांची तपासणी करून आलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एकच कागद असतो, तो म्हणजे खनिज घनतेचा अहवाल. त्यावरचा आकडा बरा असूनही न्हाणीघरात साधा पाय घसरून एखाद्या आजींचे खुब्याचे हाड मोडते, आणि मग घरचे लोक विचारतात की अहवाल चुकीचा होता का. बहुधा तो चुकीचा नसतो. तो हाडातल्या खनिजाविषयी बोलत असतो, आणि हाड केवळ खनिजाचे नसते. विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक आणि शेजारपाजारची मंडळी यांनी वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. औषध सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

हाड म्हणजे कॅल्शियम, असेच आम्ही शिकलो. त्यात कोलेजन कुठून आले?

वजनाने पाहिले तर हाडाचा साधारण ६० ते ७० टक्के भाग खनिजाचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा असतो. उरलेल्या भागात प्रथिने आणि पाणी असते, आणि त्या प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के वाटा एकट्या टाइप १ कोलेजनचा असतो. खनिज जड असल्यामुळे वजनात त्याचेच पारडे झुकते. आकारमानाने मोजल्यास ते निम्म्याहून कमी भरते आणि बाकीची जागा कोलेजन व पाणी यांनी व्यापलेली असते.

कोलेजनचा एक रेणू म्हणजे प्रथिनांच्या तीन साखळ्यांची घट्ट तिपेडी वेणी. तिची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर असते. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल यावे लागते, कारण वेणीच्या गाभ्यात त्याहून मोठे काही मावत नाही. कोलेजनची ही तिपेडी रचना मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये मांडली. भारतात, अपुऱ्या साधनांनिशी झालेल्या या कामाचा उल्लेख आपल्याकडच्या वर्गांत फार कमी होतो, याची मला नेहमी खंत वाटते. असे असंख्य रेणू एकमेकांपासून ६७ नॅनोमीटर सरकून रचले जातात, त्यांच्या टोकांमध्ये फटी राहतात, आणि खनिजाचे स्फटिक त्या फटींत व तंतूंच्या सभोवताली बसतात. म्हणजे आधी कोलेजनचा सांगाडा विणला जातो आणि मग त्यात खनिज भरते. वीण सदोष असेल, तर कितीही कॅल्शियम घेतले तरी ते त्या सदोष विणीतच जाऊन बसणार.

ताकद, ताठरपणा आणि चिवटपणा हे एकच नव्हे का?

नाही, आणि या पानावरील पुढचे सारे या फरकावर उभे आहे. पऱ्हाटीची हिरवी काडी हातात घेऊन वाकवली तर ती बरीच वाकते, साल सुटते, तंतू लोंबतात, पण दोन तुकडे सहज होत नाहीत. तीच काडी उन्हाळ्यात वाळली की वाकवायला अधिक जोर लागतो आणि मग ती एकदम कट्कन मोडते. वाळलेली काडी अधिक ताठर असते, हिरवी काडी अधिक चिवट असते. ताठरपणा म्हणजे वाकण्याला होणारा विरोध. ताकद म्हणजे मोडेपर्यंत सोसलेला कमाल भार. आणि चिवटपणा म्हणजे मोडण्यापूर्वी पोटात घेतलेली एकूण ऊर्जा. पडताना हाडावर जो आघात होतो तो ऊर्जेच्या रूपात येतो, म्हणून पडल्यावर हाड वाचेल की नाही हे ठरवण्यात चिवटपणाचा वाटा फार मोठा असतो.

हाडाच्या बाबतीत ढोबळमानाने सांगायचे तर ताठरपणा आणि दाब सोसण्याची क्षमता खनिजामुळे येते, आणि चिवटपणा मुख्यतः कोलेजनमुळे. लांब हाडाची बाहेरची घट्ट भिंत लांबीच्या दिशेने दाबली तर ती दर चौरस मिलिमीटरला साधारण १९० ते २०० न्यूटन भार सोसते, ताणली तर सुमारे १३० न्यूटन. ताणताना ती एक टक्क्याहूनही कमी लांबते तोवर भार काढल्यावर पूर्ववत होते. त्यापुढे ती कायमची लांबू लागते, आतून किंचित फाटू लागते, पण तुटत नाही. तरुण माणसाच्या मांडीच्या हाडात हा प्रवास साधारण तीन टक्क्यांपर्यंत चालतो, तर ऐंशीच्या घरातल्या हाडात तो दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याआधीच संपतो. कोलेजन बिघडते तेव्हा नेमका हा दुसरा टप्पा आखूड होतो. प्रयोगशाळेत हाडातील कोलेजन उष्णतेने किंवा रसायनाने मुद्दाम बिघडवून पाहिले असता ताठरपणात फारसा फरक पडत नाही, चिवटपणा मात्र झपाट्याने घसरतो.

हे डोळ्यांनी पाहता येईल असा काही प्रयोग आहे का?

आहे, आणि शाळकरी मुलांसोबत तो जरूर करावा. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्यावीत. एक हाड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, व्हिनेगर अधूनमधून बदलावे. काही दिवसांत आम्लाने खनिज विरघळून जाते आणि उरलेले हाड रबरासारखे वाकते. आकार तोच राहतो, कारण तो कोलेजनच्या विणीचा असतो. दुसरे हाड मोठ्या माणसांनी निखाऱ्यावर पांढरे होईपर्यंत जाळावे. त्यातले कोलेजन जळून जाते, खनिज जागच्या जागी राहते, हाड दिसायला शाबूत असते, पण बोटांनी दाबले तर भुगा होतो.

स्वयंपाकघरातही हे रोज दिसते. सावजी रस्सा फार वेळ शिजवला किंवा मटण कुकरमध्ये जास्त शिट्ट्या होईपर्यंत ठेवले, की नळीची टोके दाताखाली सहज चुरतात. ओल्या उष्णतेने कोलेजनची वेणी सुटून त्याचे जिलेटिन होते आणि ते रस्स्यात उतरते. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये थिजतो तो चरबीमुळे जसा, तसाच या जिलेटिनमुळेही. नागपूरजवळ जुनापाणी परिसरात महापाषाणकालीन शिळावर्तुळे आहेत. अशा प्राचीन स्थळांच्या उत्खननात सापडणारी हाडे हाताळताना फार जपावे लागते, त्याचेही कारण हेच आहे, कारण उष्ण प्रदेशातील मातीत कोलेजन शतकानुशतके टिकत नाही आणि मागे ठिसूळ खनिज उरते.

कोलेजन हाडाला मोडण्यापासून वाचवते तरी कसे?

कुडाची भिंत लिंपण्यासाठी मातीत तणस कालवतात, ती पद्धत आठवावी. नुसती माती वाळली की तडकते आणि तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तणस असले की तडा पडला तरी काड्या त्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. हाडात हेच घडते, फक्त एका पातळीवर नव्हे तर एकाखाली एक अशा अनेक पातळ्यांवर.

अगदी खालच्या पातळीवर, भार आला की खनिजाचे स्फटिक आणि कोलेजन सारखेच ताणले जात नाहीत. गायीच्या हाडावर क्ष-किरणांनी केलेल्या एका मोजमापात असे आढळले की संपूर्ण हाड १२ भाग ताणले गेले, तर त्यातील तंतू सुमारे ५ भाग आणि स्फटिक सुमारे २ भागच ताणले जातात. उरलेला ताण तंतूंच्या मधल्या पातळ, चिकट थरात सरकण्यातून जिरतो. कडक स्फटिकांवर त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त ताण येऊ न देण्याची ही व्यवस्था मला हाडातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कोलेजनचे रेणू एकमेकांवर थोडे सरकू शकतात, मधले दुबळे बंध तुटतात आणि भार गेल्यावर पुन्हा जुळतात. या तुटण्या-जुळण्यात ऊर्जा खर्च होते.

वरच्या पातळीवर, रोजच्या चालण्याने हाडात सूक्ष्म तडे पडतच असतात. तडा पुढे सरकू लागला की न तुटलेले कोलेजनचे तंतू त्याच्या मागे पुलासारखे उभे राहतात आणि त्याचे तोंड उघडू देत नाहीत. शिवाय तंतूंची दिशा थराथरागणिक बदललेली असल्यामुळे तड्याला सरळ वाट मिळत नाही. तो वळतो, फाटे फुटतात, दमतो. कोलेजन तुटलेले किंवा नको इतके जखडलेले असेल तर हे पूल कमकुवत पडतात, आणि जो तडा केसाएवढा राहून पुढे दुरुस्त झाला असता तोच आरपार जातो.

पाण्याचा उल्लेख येथेच करायला हवा. कोलेजनला धरून राहिलेले पाणी तंतूंना सरकण्याची मोकळीक देते; पूर्ण सुकवलेले हाड अधिक ताठर पण बरेच ठिसूळ होते. याचा अर्थ जास्त पाणी प्यायल्याने हाड चिवट होते असा मात्र नाही, कारण हे पाणी रेणूंच्या पातळीवर बांधलेले असते.

कोलेजनची झीज म्हणजे नेमके काय घडते?

या एका शब्दाखाली किमान चार वेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांची सरमिसळ झाली की उपचारांविषयीचे गैरसमजही तिथूनच सुरू होतात.

पहिली म्हणजे तोडणे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाडाला चिकटून आधी आम्ल सोडतात, त्याने खनिज विरघळते, आणि मग कॅथेप्सिन के या विकराने (एन्झाइमने) उघडे पडलेले कोलेजन कापतात. हे कापणे मुळात वाईट नाही. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा खणून पुन्हा भरला जातो आणि जुने, तडे गेलेले हाड त्यातूनच बदलते. खणणे जास्त आणि भरणे कमी झाले की नुकसान सुरू होते. दुसरी गोष्ट म्हणजे वेणी सुटणे, ज्यात साखळ्या तिथेच राहतात पण पीळ उलगडतो. तिसरी म्हणजे रेणूंमधले टाके बिघडणे. निरोगी हाडात लायसिल ऑक्सिडेज हा तांब्यावर चालणारा विकर ठरावीक जागी टाके घालतो. वयाबरोबर साखरेमुळे नको त्या जागी वेगळेच टाके पडतात. चौथी म्हणजे रेणू मुळातच चुकीचा तयार होणे. पहिल्या प्रकारात हाड कमी होते, बाकीच्या तिन्ही प्रकारांत हाड तेवढेच राहूनही निकृष्ट होते.

कॅथेप्सिन के या विकराची एक गोष्ट बोलकी आहे. ज्या मुलांत तो जन्मतः बनत नाही त्यांची हाडे नेहमीपेक्षा दाट असतात, तरीही सहज मोडतात, कारण जुने हाड बदललेच जात नाही. हा विकर थांबवणारे ओडानाकॅटिब हे औषध ऑस्टिओपोरोसिससाठी बरेच पुढपर्यंत आले होते. त्याने फ्रॅक्चर कमी झाले, पण पक्षाघाताचा धोका वाढल्याचे दिसल्यामुळे २०१६ मध्ये त्याचे काम थांबवण्यात आले.

पाळी गेल्यानंतर कोलेजन जास्त तुटते का?

होय. इस्ट्रोजेन कमी झाले की ऑस्टिओक्लास्टवरचा लगाम सैल होतो. पाळी बंद होण्याच्या आगेमागे काही वर्षे हाडाची झीज वेगाने होते, आणि ती प्रथम मणके व मनगट यांच्या जाळीदार हाडात दिसते, कारण तिथे पेशींना काम करायला पृष्ठभाग जास्त मिळतो.

रक्तात सीटीएक्स तपासायला सांगितले आहे. त्यावरून कोलेजनचा दर्जा कळेल का?

दर्जा कळणार नाही, तुटण्याचा वेग कळेल. सीटीएक्स म्हणजे तुटलेल्या टाइप १ कोलेजनचा टोकाकडचा तुकडा. तो दिवसभरात वरखाली होतो आणि जेवणाने कमी होतो, म्हणून नमुना सकाळी, उपाशीपोटी द्यावा आणि पुढच्या वेळीही शक्यतो त्याच वेळी, त्याच प्रयोगशाळेत द्यावा. नव्या कोलेजनच्या बांधणीचा अंदाज पी१एनपी या चाचणीने येतो. औषध लागू पडते आहे की नाही हे पाहण्यासाठी या दोन्ही चाचण्या उपयोगी आहेत; पुढे फ्रॅक्चर होईल की नाही याचे भाकीत केवळ त्यांवरून करू नये.

मला मधुमेह आहे, पण हाडांची घनता उत्तम आली. मग काळजीचे कारण काय?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

टाइप २ मधुमेहात हाडांची खनिज घनता बहुधा सामान्य किंवा सामान्यापेक्षा अधिक असते, तरीही तितकीच घनता असलेल्या मधुमेह नसलेल्या माणसापेक्षा खुब्याचे फ्रॅक्चर जास्त होते. टाइप १ मधुमेहात हा धोका कित्येक पटींनी वाढतो. याच्या कारणांपैकी एक कोलेजनमध्ये आहे. रक्तातील ग्लुकोज प्रथिनांना हळूहळू, कोणत्याही विकराशिवाय चिकटत जाते. दूध आटवताना येणारा बदामी रंग किंवा भाकरीवर पडणारे डाग ज्या प्रकारच्या अभिक्रियेने येतात, तिचेच हे मंद रूप आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाला एचबीए१सी ही चाचणी ठाऊक असते. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली हेच ती मोजते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते, म्हणून ती चाचणी गेल्या तीनेक महिन्यांचाच हिशेब सांगते. हाडातील कोलेजन मात्र वर्षानुवर्षे तिथेच राहते. त्याला चिकटलेल्या साखरेतून पुढे पेंटोसिडीनसारखे कायमचे टाके पडतात, आणि ते हाड पेशींनी खणून काढेपर्यंत सुटत नाहीत. त्यात मधुमेहात हाड बदलण्याचा वेगच मंदावलेला असतो, त्यामुळे जुने कोलेजन अधिक काळ साखरेत मुरत राहते.

असे टाके पडले की रेणू एकमेकांवर सरकू शकत नाहीत. मघाशी सांगितलेला दुसरा टप्पा, म्हणजे न तुटता ताण जिरवण्याचा टप्पा, आखूड होतो, आणि घनतेच्या यंत्राला यातले काहीही दिसत नाही. मानवी हाडांवरील सर्वच मोजमापांत हा संबंध सारखाच ठळक दिसलेला नाही, आणि मधुमेहात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, नजर व तोल यांचाही वाटा असतो, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तरी साखर ताब्यात ठेवण्याच्या कारणांमध्ये डोळे आणि मूत्रपिंड यांच्याबरोबर हाडांचेही नाव घेतले जावे, असे माझे ठाम मत आहे.

घनता जास्त म्हणजे हाड मजबूत, हा नियम आणखी कुठे मोडतो?

विदर्भातच त्याचे उदाहरण आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. वर्षानुवर्षे त्याहून बरेच अधिक फ्लोराइड पोटात गेले की क्ष-किरण चित्रात हाडे पांढरीशुभ्र, दाट दिसतात. खनिज आणि कोलेजन यांची सांगड मात्र बिघडलेली असते आणि हाड ठिसूळ होते. अशा गावातून आलेल्या रुग्णाचा घनतेचा आकडा वाचताना पाण्याविषयी विचारलेच पाहिजे.

बाळाची हाडे जन्मतःच वारंवार मोडतात, तो आजार कोलेजनचाच का?

बहुतेक वेळा होय. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या आजारात बहुतांश रुग्णांत टाइप १ कोलेजन घडवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात दोष असतो. जनुकाची एक प्रत बंद पडून कोलेजन फक्त कमी बनत असेल तर आजार तुलनेने सौम्य राहतो. पण वेणीतल्या एखाद्या ग्लायसिनच्या जागी मोठे अमिनो आम्ल आले तर तिन्ही साखळ्यांची गुंफण बिघडते आणि आजार तीव्र होऊ शकतो. म्हणजे कमी माल असण्यापेक्षा बिघडलेला माल असणे अधिक वाईट. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणे ही त्याची एक खूण आहे. अशा मुलांचे पालक मारहाणीच्या संशयाला सामोरे जातात, तो त्रास वेगळाच; लहान बाळाला पुन्हा पुन्हा फ्रॅक्चर होत असेल तर दोन्ही शक्यता नीट तपासल्या जाव्यात.

नागपूरच्या उन्हाने हाडातील कोलेजन खराब होते का?

नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला तरी शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या जवळपासच राखले जाते. यात एक विलक्षण बाब आहे. कोलेजनचा सुटा रेणू शरीराच्या तापमानालाच हळूहळू उलगडू लागतो. तो टिकतो तो शेजारच्या रेणूंबरोबर तंतूत बांधला गेल्यामुळे, आणि हाडात खनिजाने वेढल्यामुळे आणखी पक्का होतो. उन्हाळ्याचा हाडांशी संबंध वेगळ्या वाटेने येतो : लोक दिवसभर घरात राहतात, चालणे बंद होते, अंगावर ऊन पडत नाही आणि ड जीवनसत्त्व कमी पडते.

संत्री खाल्ल्याने कोलेजन वाढते, हे खरे का?

अर्धे खरे आहे. कोलेजनच्या साखळीतील प्रोलिन आणि लायसिन यांवर एक रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते, तरच वेणीचा पीळ टिकतो, आणि ती प्रक्रिया करणाऱ्या विकरांना क जीवनसत्त्व लागते. ते फारच कमी पडले की स्कर्व्ही होतो. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये जहाजावरील खलाशांना संत्री आणि लिंबे देऊन जो गुण पाहिला, त्यामागे हेच रसायन होते. प्रौढांची रोजची गरज साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम आहे आणि दोन मध्यम संत्र्यांत ती बहुतेक भागते. आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार मिळून आपल्याकडे ती वर्षातले बरेच महिने मिळतात, शिवाय पेरू आणि आवळा आहेतच. मात्र गरज भागल्यावर आणखी क जीवनसत्त्व घेतल्याने कोलेजन अधिक चिवट होत नाही.

लाखोळीच्या डाळीने हाडे बिघडतात असे ऐकले. तथ्य किती?

पूर्व विदर्भात हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यामागे एका नावाचा घोटाळा आहे. लाखोळीच्या डाळीतील ओडीएपी हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते. दुष्काळात केवळ हीच डाळ महिनोन्महिने खाल्ली गेली तेव्हा पाय लुळे पडण्याचे प्रकार घडले. त्याला लॅथिरिझम म्हणतात. पण त्याच कुळातील स्वीट पी या फुलझाडाच्या बियांत बीएपीएन नावाचे वेगळे द्रव्य असते, आणि ते लायसिल ऑक्सिडेज या टाके घालणाऱ्या विकराला रोखते. ते खाऊ घातलेल्या प्रयोगशाळेतील उंदरांत कोलेजन तयार होते, पण रेणू एकमेकांना बांधले जात नाहीत. हाडे वेडीवाकडी आणि दुबळी होतात. यालाही लॅथिरिझमच म्हटले गेले, फक्त हाडांचा. कोलेजनच्या टाक्यांचे महत्त्व विज्ञानाला बऱ्याच अंशी या फुलझाडामुळे कळले. जेवणातील लाखोळीची डाळ हा हाडांचा आजार घडवते असे समजण्याचे कारण नाही.

खर्रा खाण्याचा हाडांशी काही संबंध आहे का?

आहे. खर्र्यात तंबाखू आणि सुपारी दोन्ही असतात. तंबाखूमुळे हाडांची घनता घटते आणि मोडलेले हाड जुळायला वेळ लागतो. सुपारीची गोष्ट तर याच विकराभोवती फिरते : सुपारीतील तांबे आणि अल्कलॉइड यांमुळे तोंडाच्या अस्तरात कोलेजन वाढते, लायसिल ऑक्सिडेजचे काम वाढून त्याला अतिरेकी टाके पडतात, ते तोडलेही जात नाही, आणि तोंड उघडणे महिन्यागणिक कमी होत जाते. ज्या विकराच्या अभावाने हाड दुबळे होते, त्याच्याच अतिरेकाने गाल चामड्यासारखे कडक होतात. आपल्या शहरात विशीतल्या मुलांना दोन बोटेही तोंडात घालता येत नाहीत, हे पाहून जीव तुटतो.

कोलेजनची पावडर घ्यावी का?

खाल्लेले कोलेजन पचनात तुटते. त्याचे अमिनो आम्ले आणि काही लहान तुकडे रक्तात पोहोचतात, अखंड वेणी हाडात जाऊन बसत नाही. काही लहान चाचण्यांत घनतेत थोडी वाढ दिसली आहे, पण फ्रॅक्चर कमी होतात असा भक्कम पुरावा नाही. शिवाय बाजारातील काही डब्यांत टाइप २ कोलेजन असते, ते कूर्चेचे आहे, हाडाचे नव्हे. त्या पैशांत पुरेसे प्रथिन जेवणात येईल हे पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागते, आणि वयस्क माणसे वरण-भाताच्या पातळ जेवणावर त्याच्या बरीच खाली राहतात.

हाडांची झीज रोखणारी औषधे कोलेजन जुने ठेवतात, मग ती घ्यावीत का?

शंका रास्त आहे. बिस्फॉस्फोनेट औषधे ऑस्टिओक्लास्टचे काम कमी करतात, त्यामुळे हाड कमी खणले जाते आणि जुने कोलेजन अधिक काळ राहते. अनेक वर्षे घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाच्या मधोमध वेगळ्या प्रकारचे फ्रॅक्चर होते आणि त्याआधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखते. पण ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यात ही औषधे टाळतात ती फ्रॅक्चर या दुर्मीळ फ्रॅक्चरपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणूनच गोळ्यांच्या बाबतीत साधारण पाच वर्षांनी पुन्हा विचार करतात. डेनोसुमॅबचे इंजेक्शन मात्र मनाने कधीही थांबवू नये. ते थांबले की झीज उसळून येते आणि मणके दबण्याचा धोका असतो.

स्टिरॉइडच्या गोळ्यांबद्दलही विचारले जाते. त्या नवे कोलेजन बांधणाऱ्या पेशींनाच मंद करतात, आणि फ्रॅक्चरचा धोका पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच वाढतो.

प्लास्टर काढले म्हणजे हाड पूर्ववत मजबूत झाले का?

लगेच नाही. मोडलेल्या जागी प्रथम जे हाड तयार होते त्यातले कोलेजन घाईने, दिशाहीन विणलेले असते. शरीर त्याची भरपाई जाडीने करते, म्हणून त्या जागी गाठ लागते. पुढे महिनोन्महिने ते खणले जाऊन भाराच्या दिशेने थर लावलेले हाड येते, आणि ती दिशा कळण्यासाठी हाडावर मापात भार यावाच लागतो. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आणि चालणे टाळू नये. लहान मुलांच्या हाडात खनिजाचे प्रमाण कमी असते, म्हणून त्यांचे हाड अनेकदा हिरव्या काडीसारखे एका बाजूने फाटते आणि दुसऱ्या बाजूने वाकून राहते.

माझा अहवाल ठीक आहे, पण वय ६८ आणि मधुमेह आहे. डॉक्टरांना काय विचारावे?

पहिली गोष्ट, उंची कमी झाली आहे का किंवा पाठ मध्येच दुखते का हे सांगून मणक्यांचे क्ष-किरण चित्र हवे का ते विचारावे, कारण दबलेले मणके अनेकदा लक्षात येत नाहीत, आणि असा एक मणका घनतेच्या आकड्यापेक्षा अधिक बोलतो. दुसरी, पुढील दहा वर्षांतील फ्रॅक्चरचा धोका फ्रॅक्स या गणितात काढला असेल तर त्यात टाइप २ मधुमेहाचा स्वतंत्र रकाना नाही, याची आठवण करून द्यावी. अनेक डॉक्टर त्याऐवजी संधिवाताचा (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा) रकाना भरून आकडा दुरुस्त करतात. घनतेच्या त्याच चित्रातून कमरेच्या मणक्यांच्या जाळीचा पोत सांगणारा टीबीएस नावाचा आकडा मिळू शकतो. तो त्या केंद्रात निघतो का हे विचारून पाहावे. आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, पन्नाशीनंतर आपले एखादे हाड किरकोळ पडण्याने मोडले का, स्टिरॉइड किंवा मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लिहूनच न्यावे, कारण पायोग्लिटाझोनसारखे औषध हाडांना मानवत नाही. आणि तळपायाला मुंग्या येतात का, रात्री उठताना तोल जातो का, मोतीबिंदू वाढला आहे का, हेही त्याच भेटीत सांगावे.